सोवळ्याचं विलायती कपाट

आमच्या घरमालकांची देवावर किती श्रद्धा होती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विलायती मालावर मात्र होती, आणि ती अढळ होती. छत्री, फाउंटन पेन, दाढीचा साबण, पोटदुखीचं औषध, सगळं साहेबाच्या देशातलं लागे. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांनी गल्लीत संदेश मिठाई वाटली होती म्हणे, पण त्याच आठवड्यात "आता धड कात्री कुठे मिळणार?" म्हणून ते उदास होऊन गच्चीवर बसले होते. हे मला त्यांच्या थोरल्या बहिणीने सांगितलं. तिला सगळे आक्का म्हणत.

मी लग्न होऊन पुण्याहून कलकत्त्याला आले ती थेट त्यांच्याच घरात, भाडेकरू म्हणून. ह्यांची नोकरी केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात, बदलीची. परक्या मुलखात मराठी माणसाच्या घरात खोल्या मिळाल्या एवढ्यावर माझे वडील निर्धास्त झाले. घर बागबाजारात, मालकांच्या वडिलांनी बांधलेलं, दोन मजली. खाली आम्ही, वर मालक आणि आक्का. मालकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एके काळी मराठ्यांना थोपवायला खणलेला खंदक तिथूनच कुठून तरी सुरू होत असे. तो केव्हाच बुजला आणि त्याच्या काठाला आमचे मालक जन्माला आले. गल्लीतली पोरं त्यांना मागून 'बर्गी', म्हणजे लुटारू मराठा, म्हणत. त्यांना ते मनापासून आवडे. "अजून धाक आहे आपला," असं ते मला जिन्यात थांबवून सांगत. धाक होता हे खरं, पण तो वेगळ्या कारणासाठी. त्यांच्या तावडीत सापडलेल्या माणसाची तासभर तरी सुटका नसे.

ते बजबजच्या एका ज्यूट गिरणीत हेडक्लार्क होते. सकाळी कोट-टाय चढवून सियालदाला जायचे आणि गाडी पकडायचे. गिरणीत त्यांच्या शब्दाला मान होता असं तेच सांगत. घरात मात्र त्यांच्या शब्दाची वाट बघत वस्तू पडून असत. दिवाणखान्यातलं घड्याळ बंद होतं, कारण ते दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं याचा विचार चालू होता. न्हाणीघराचा नळ चिंधीने बांधलेला होता, कारण विचार चालू होता. एका खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा होता आणि तो पुठ्ठाही आता जीर्ण झाल्यामुळे तो बदलावा की काय, याचाही विचार सुरू झाला होता. "सूनबाई," ते मला म्हणत, "घाईने घेतलेला निर्णय हा निर्णय नव्हे, तो अपघात." मी त्या घरात असेपर्यंत त्यांच्या हातून असा अपघात एकदाच झाला, आणि त्याची हकीकत पुढे येणार आहे.

त्यांचं सोवळं हा आणखी एक विषय. घरात कडक सोवळं. म्हणजे आक्कांना. लहानपणीच विधवा झालेल्या आक्का, डोक्यावरून लाल आलवणाचा पदर घेतलेल्या, पहाटे आंघोळ करून, कुणी न शिवलेलं धुतलेलं लुगडं नेसून स्वयंपाक करत. त्या लुगड्याला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही, म्हणून ते उंच वलणीवर काठीने घालायचं, काठीनेच काढायचं. मालक रोज त्यांच्या हातचा सोवळ्यातला स्वयंपाक जेवून ऑफिसला जात. आणि संध्याकाळी? एकदा ह्यांनी मला हौसेने श्यामबाजारच्या एका केबिनमध्ये, म्हणजे पडदे लावलेल्या खाणावळीत, नेलं, तर कोपऱ्यातल्या पडद्याआडून ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. पडदा वाऱ्याने हलला. आत मालक बसले होते आणि पुढ्यात अंड्याची जाळी पांघरलेलं भलं थोरलं कविराजी कटलेट. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते शांत होते. "कोट अंगात आहे ना माझ्या," ते म्हणाले, "कोट घातला की मी घरचा नसतो." आणि मोहरीची चटणी मागवून घेतली.

चारचौघांत ते म्हणत, "विधवा बहिणीला मी सांभाळतो." कोण कुणाला सांभाळत होतं, ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलं की कळे.

तर ते कपाट. मी येण्याच्या आधी गिरणीचा मोठा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, आणि तिथून मालक ते घेऊन आले. माणसाहून उंच, पांढऱ्या रंगाचं लोखंडी कपाट. आत कपडे टांगायला पितळी दांड्या, तळाशी विजेने तापणारी तार, माथ्यावर ओलसर हवा बाहेर फेकणारा छोटासा पंखा. कलकत्त्याच्या पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, मिठाचं पाणी होतं आणि लुगडं चार दिवस वलणीवर राहिलं तरी ओलं ते ओलंच. साहेब मंडळींनी त्यावर हा इलाज काढला होता. मालकांनी ते ठेल्यावरून बागबाजारात आणलं तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली होती. कुणीतरी विचारलं, बर्फाचं आहे का? मालक म्हणाले, "उलट."

आणि मग त्यांनी ते सोवळ्याला दिलं. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला पटेना. ज्यात साहेबाचे मोजे वाळले, मडमेचं काय काय वाळलं, त्यात आक्कांचं सोवळं? मालकांकडे उत्तर तयार होतं. आत गोमूत्र शिंपडलं होतं आणि वरून शास्त्रार्थ केला होता. वीज म्हणजे अग्नी. अग्नी सगळं शुद्ध करतो. एकदा कपाट तापलं की साहेबाचा विटाळ जळून गेला. मात्र यापुढे त्याला आक्कांशिवाय कुणी शिवायचं नाही. भिंतीवरचं बटणसुद्धा त्या सोवळ्याच्या काठीच्या टोकाने खालीवर करत.

आक्कांना शास्त्रार्थाशी कर्तव्य नव्हतं. कपाट येण्यापूर्वी कित्येक पावसाळे त्यांनी ओलं लुगडं नेसून स्वयंपाक केला होता. कोळशाच्या उनुनापुढे, म्हणजे शेगडीपुढे, बसून ते अंगावरच वाळायचं, आणि वाळेपर्यंत दुसऱ्या आंघोळीची वेळ व्हायची. छातीत कफ कायमचा. कपाट आल्यावर त्या आयुष्यात पहिल्यांदा आषाढात कोरडं लुगडं नेसल्या. "गरम गरम असतं गं," त्या मला म्हणाल्या होत्या, "आईने शेकून दिल्यासारखं."

मी आले त्याच्या पुढच्या वर्षी, पावसाळा ऐन भरात असताना, कपाट बंद पडलं. आधी जळकट वास आला, मग पंख्याने कण्हून मान टाकली. आक्कांनी काठीने बटण खालीवर करून पाहिलं. काही नाही.

मालकांनी त्या संध्याकाळी कोट न उतरवता कपाटाभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि जाहीर केलं, "विचार करावा लागेल."

त्या विचाराचं काय वर्णन करू! घड्याळ आणि नळ यांच्या बाबतीत नुसताच विचार होता, इथे तर महोत्सव झाला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वर नेऊन कपाट दाखवायचं, लांबूनच, आणि विचारायचं: दुरुस्त करावं की नवं घ्यावं? दूधवाल्याला विचारलं. पोस्टमनला विचारलं. ह्यांना तर रोज. ह्यांनी एकदा "दुरुस्त करा" म्हटलं तर मालक म्हणाले, "पण किती दिवस टिकेल?" दुसऱ्या दिवशी "नवं घ्या" म्हटलं तर म्हणाले, "तसं पोलाद आता मिळतं का?" त्यानंतर हे मागच्या दाराने ऑफिसला जाऊ लागले.

एका रविवारी ते चौरंगीवरच्या विलायती सामानाच्या दुकानात चौकशी करून आले. येताना चेहरा उजळलेला होता, कारण प्रश्न सुटला नव्हता, आणखी गुंतला होता. नवी कपाटं परदेशातून मागवावी लागतील. ती चालतात एसी विजेवर. आमच्या गल्लीत अजून डीसी वीज. दोन्हींचं जमत नाही.

"म्हणजे नवं घ्यायचं तर वस्ती बदलावी लागेल," ते मला म्हणाले. "बालीगंजच्या बाजूला एसी आहे म्हणतात."

"काका, कपाटासाठी वडिलोपार्जित घर विकणार?"

"विकणार कोण म्हणतं? विचार करतोय."

इकडे आक्का ओलं नेसत होत्या. कपडे वाळवायला ऊन नव्हतं, कपाट चालत नव्हतं, आणि सोवळं तर सोडायचं नव्हतं. कुणी जाणता म्हणेल, लोकरीची धाबळी नेसावी, तिला रोज धुवायला नको, ती सोवळ्याला चालते. होती ना धाबळी. तिला कसर लागली होती, चांगली मुठीएवढी भोकं पडली होती. ती रफू करायची की नवी आणायची, याचा विचार कपाटाच्याही आधीपासून चालू होता.

पंधरवड्यात आक्कांचा खोकला खाली माझ्या खोलीत ऐकू येऊ लागला. मी वर गेले की त्या उनुनापुढे बसलेल्या दिसत, पाठीवरून लुगड्याची वाफ निघत असलेली. समोरून भाजणं आणि मागून गारठणं. मी म्हणायची, "आक्का, माझं धुतलेलं कोरडं पातळ देते, ते नेसा." त्या म्हणायच्या, "तुझं पातळ तू शिवलेलं. मग त्याच्या पोटाचं काय, जो तिकडे ऑफिसला जायला तयार बसलाय?" एवढं बोलतानाही त्यांना धाप लागे.

माझा तेव्हा संताप संताप व्हायचा. आजही होतो.

शेवटी मीच ह्यांच्याकडून चौकशी करून गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या विजेच्या मिस्त्रीला आणलं. लुंगीवर खमीस, कानाला पेन्सिल, पायात रबरी चपला. मालक घरी होते. त्यांनी त्याला जिन्याच्या वरच्या पायरीवरच थांबवलं आणि अट घातली. कपाट सोवळ्यातलं आहे. त्याने आधी खाली नळावर आंघोळ करावी, आम्ही देतो ते धोतर ओलेत्याने नेसावं आणि मग कपाटाला हात लावावा.

मिस्त्रीला वाटलं, बाबूंच्या बंगालीत काही चुकतंय. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"भिजे कापोडे लाइने हात देबो?" तो म्हणाला. "बाबू, आमि तो मोरे जाबो." ओल्या कपड्यात तारेला हात लावला तर मी मरेन की, एवढं साधं बोलणं होतं.

"मेन बंद करून काम करायचं," मालक म्हणाले.

"तरी ओल्याने नाही," असं काहीसं बोलून तो उतरायला लागला. जाता जाता एवढं सांगून गेला की या घराचं वायरिंग जुनाट आहे, भिंतीवरचं बटण बंद केलं तरी तारेत वीज राहते, तेव्हा मेन बंद केल्याशिवाय कुणी आत हात घालू नका.

मी मालकांना म्हटलं, "काका, साहेबाचे मोजे अग्नीने शुद्ध झाले, तर मिस्त्रीचा हात का नाही होणार? कपाट चालू झालं की तेही जळून जाईल."

ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "सूनबाई, साहेबाने हात लावला तेव्हा अग्नी चालू होता. आता तो विझलाय. विझलेल्या अग्नीला कुणी शिवलं तर तो पुन्हा पेटला तरी काय उपयोग?"

हे त्यांनी कुठल्या ग्रंथात वाचलं ते विचारायचा मोह मी आवरला. वाचलं नव्हतंच. जिना चढताना सुचलं असणार.

मग तो अपघात झाला. आक्कांना ताप भरला आणि डॉक्टर म्हणाले, छाती भरली आहे, अंग ओलं ठेवू नका. ज्या माणसाला जन्मात कधी घाई झाली नाही, त्याला त्या दिवशी एकाएकी झाली. बहिणीच्या काळजीने झाली असं मला म्हणायला आवडलं असतं. पण दोन दिवस स्वयंपाक बंद होता आणि माझ्या हातचं ओवळ्यातलं त्यांना चालत नव्हतं, म्हणजे घरी. सुट्टी घेऊन ते स्वतः आंघोळ करून आले, ओलं धोतर नेसलेले, हातात पेचकस. विलायती.

"सूनबाई," त्यांनी वरून हाक मारली, "खाली जिन्यात येऊन मेन बंद करा."

मेन आमच्या दाराशी, सगळ्यांच्या चपला ठेवायच्या जागेच्या वर. सोवळ्यात ते खाली उतरू शकत नव्हते. माझं दूध उतू जायला आलं होतं. "आले, आले," मी म्हटलं आणि पातेलं उतरवायला वळले. तेवढा दम निघाला नाही त्यांना. वरून आधी "आँ" असं ऐकू आलं, मग धप्पदिशी आवाज, मग पेचकस पायऱ्यांवरून टणटण करत माझ्यापर्यंत आला.

मी धावत वर गेले. मालक व्हरांड्यात पाट्या-वरवंट्याला टेकून बसले होते, डोळे मोठे, केस उभे. ताप अंगात असताना आक्का उठून आल्या होत्या. मी पुढे झाले तर मालकांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा:

"लांब राहा सूनबाई, मी सोवळ्यात आहे."

संध्याकाळपर्यंत ते कोट घालून केबिनकडे जाण्याइतके बरे झाले. तारा मी जुळवल्या आहेत, आता बघू, असं ते जाताना म्हणाले. तारा त्यांनी जुळवल्या नव्हत्या, ज्या दोन शाबूत होत्या त्याही तोडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ते बजबजला गेले. आक्कांनी मला वर बोलावलं. अंथरुणात बसून होत्या, शालीत गुरफटलेल्या.

"त्या मिस्त्रीला घेऊन ये," त्या म्हणाल्या.

"आक्का, आणि आंघोळीचं?"

"कुणाच्या? माझी झाली आहे." मग थोडा श्वास घेऊन म्हणाल्या, "अगं, सोवळं मी नेसते. कपाट नेसत नाही."

मी हसायला लागले आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं त्या घरात शास्त्र कुणी सांगायचं हे ठरलेलं होतं, आणि ज्यांना पाळायचं होतं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मिस्त्री यायला तयार नव्हता. मासीमांनी, म्हणजे आक्कांनी, बोलावलं आहे, आजारी आहेत, म्हटल्यावर आला. जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबला आणि गालात हसत म्हणाला, "मासीमा, स्नान कोरबो?"

आक्कांचं बंगाली मोडकं होतं, भाजीवाल्याकडून आणि कोळसेवाल्याकडून उचललेलं. त्या म्हणाल्या, "ना बाबा. तुमि शुकनो थाको." नको रे बाबा, तू कोरडाच राहा.

मी खाली जाऊन मेन बंद केला. मिस्त्री कमरेपर्यंत कपाटात शिरला, मालकांनी केलेला गोंधळ बघून जिभेने च्च च्च केलं, तळाची तार बदलली, जोडांना काळी पट्टी गुंडाळली, पंख्याला तेल दिलं. मधूनमधून तो आक्कांना त्याच्या सासूच्या दम्याबद्दल सांगत होता. आक्का त्याला आल्याचा काढा सांगत होत्या. काम झाल्यावर आक्कांनी माझ्याकडून चहा करवला आणि घरच्या कपातून त्याला दिला. मी मेन लावला. आक्कांनी काठीने बटण दाबलं. पंखा घरघरला आणि कपाटाच्या दारातून ऊब आली.

दोन दिवसांनी ताप उतरल्यावर आक्का त्यातलं कोरडं लुगडं नेसून पुन्हा उनुनापुढे बसल्या. मालकांनी संध्याकाळी येऊन कपाटावर तळवा धरला, अर्थात हवेत, लांबून.

"चालू झालं," आक्का म्हणाल्या.

"व्हायचंच होतं. मी तारा जुळवल्या होत्या ना. त्यांना बसायला जरा वेळ लागतो." आणि ते तृप्त मनाने वरणभात जेवले.

त्यानंतर महिनाभर बागबाजारात दुसरा विषय नव्हता. दूधवाल्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, ह्यांना पुढच्या दाराशी गाठून सांगितलं. एवढं विलायती यंत्र, कारागिराचा हात न लावता, पूर्ण सोवळ्यात दुरुस्त केलं. हकीकत वाढत वाढत गेली. विजेचा धक्काही त्यात आला, पण तो अग्नीने घेतलेली परीक्षा म्हणून आला. मी आक्कांना म्हटलं, "आता तरी सांगून टाका." त्या म्हणाल्या, "त्याने विचारलं तर सांगेन. विचारलंय कुठे?"

भाद्रपदात मालकांकडे गणपती असे. कलकत्त्यातली ओळखीची मराठी कुटुंबं जेवायला येत. वर्षातून एकदा त्या घरात मराठी पंगत उठे, आणि बदलून आलेली माणसं पुण्या-मुंबईच्या आठवणी काढून घेत. त्या वर्षीही पुरुषांची पंगत बसली होती. आत आक्का मोदक उकडत होत्या, आम्ही बायका वाढत होतो. बाहेर पावसाची झड लागलेली. पहिला भात वाढून झाला आणि बँकेतले एक नुकतेच बदलून आलेले अधिकारी म्हणाले, "यंदा तुमच्या कपाटाची मोठी कीर्ती ऐकतोय. कारागीर कोण मिळाला तुम्हाला? आमचा रेडिओ पडून आहे."

मालक याचीच वाट बघत होते. त्यांनी डावा हात उंचावून सगळ्यांना गप्प केलं आणि आंघोळीपासून सुरुवात केली. ओलं धोतर आलं, पेचकस आला, अग्नीची परीक्षा आली. माणसं वरणभात कालवायची थांबली. "आणि सांगायचा मुद्दा," मालक म्हणाले, "आज हा जो नैवेद्य तुम्ही घेताय, तो शंभर टक्के सोवळ्यातला. या शहरात दुसऱ्या कुणाकडे मिळणार नाही. विचारा आक्काला. आक्का, जरा बाहेर ये. सांग यांना, कुणाचा हात लागला का कपाटाला?"

आक्का मोदकांचं पातेलं घेऊन दाराशी आल्याच होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं.

"लागला की," त्या म्हणाल्या. "मिस्त्रीचा. तू बजबजला गेला होतास तेव्हा मीच बोलावला. आत शिरून नीट केलं त्याने. चहा पिऊन गेला."

बँकेतल्या अधिकाऱ्यांनी हातातला घास पुन्हा पानात ठेवला. माझ्या हातात तुपाचं भांडं होतं आणि खरं सांगायचं तर मला इतका आनंद झाला होता की ते सांडतं की काय अशी भीती वाटली.

पाण्यात पडलेलं मांजर जसं बाहेर येऊन अंग झटकतं, तसे मालक सावरले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तारांना काळी पट्टी गुंडाळलेली मी दुसऱ्याच दिवशी बघितली. म्हटलं, कशाला बोला. अहो, काळ बदलला आहे. मिस्त्रीचा हात लागला म्हणून काय बिघडतं? मी काही जुन्या मताचा नाही." त्यांनी हसून पानात डाळिंब्यांची उसळ मागितली, आणि पंगतीतलेही दोघे-तिघे सुटल्यासारखे हसले. झालं. मांजर पुन्हा चार पायांवर उभं राहिलं होतं. मी रडायच्या बेतात होते.

आक्का जागच्या हलल्या नव्हत्या.

"माहीत होतं तुला?" त्यांनी विचारलं.

"होतं तर."

"आणि चालणार होतं?"

"न चालायला काय झालं, आक्का?"

"मग सबंध आषाढ मला ओल्या लुगड्यात का ठेवलंस रे?"

आवाज चढवला नव्हता त्यांनी. भांडणाचा सूर नव्हता. ज्याच्या हातात सगळे निर्णय होते त्या भावाला त्या खरोखरच विचारत होत्या, कारण त्यांना ते माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचं होतं. मालकांनी पानाकडे बघितलं, मग पंगतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तूप वाढायला पुढे झाले नाही.

पुरुषांच्या पंगतीसमोर आक्का कधी बसत नसत. त्या दिवशी त्या भिंतीला टेकून तिथेच खाली बसल्या, डोक्यावरचा कोरडा पदर सारखा केला, आणि उत्तराची वाट बघत राहिल्या.